कीबोर्डावरचा हस्तसंवेदक: वादनात खरोखर उपयोगी पडतो का?

अर्धमात्रा (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.४०

मी हौशी वादक आहे. आठ वर्षे साध्या कीबोर्डावर वाजवल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी एका मित्राचा वापरलेला सिंथेसायझर घेतला. त्याच्या डाव्या बाजूला, पिच बेंडच्या (स्वर वर-खाली वाकवणाऱ्या) दांडीच्या वरच्या अंगाला, गडद काचेच्या दोन बारीक खिडक्या आहेत. हाच तो हस्तसंवेदक. त्यांच्यावर तळहात धरून वर-खाली केला की आवाज बदलतो. पहिले दोन दिवस घरातल्या प्रत्येकाने येऊन हात हलवून पाहिला आणि त्यानंतर संवेदक चालू करण्याचे बटण मी आजतागायत दाबलेले नाही.

माझे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात, उजव्या हाताने चाल आणि डाव्याने कॉर्ड, त्यामुळे हवेत धरायला तिसरा हात कुठून आणावा हे मला कळत नाही. एकदा डावा हात उचलून संवेदकावर नेला, तर खालचा आधार तुटला आणि गाणे एकदम पोकळ वाटू लागले. स्वराची उंची बदलण्याचा पर्याय लावून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) काढायचा प्रयत्न केला, तर निषादावरून षड्जावर जाताना मी दर वेळी षड्जाच्या अलीकडे तरी थांबलो किंवा पलीकडे तरी. तुमच्यापैकी कोणी ही सोय नियमितपणे वापरते का? वापरत असल्यास नेमकी कशासाठी आणि कोणत्या हाताने?

काळी पाच · रविवार, रात्री १०.२५

मी वापरतो, पण एका कार्यक्रमात दोनदा, फार तर तीनदा. त्याहून अधिक वेळा वापरले तर ऐकणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो.

मींडेचा नाद तूर्त सोडा आणि संवेदक फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे आवाज किती झाकलेला किंवा उघडा राहील हे ठरवणाऱ्या मूल्याला, जोडा. मिडीमध्ये (वाद्ये आणि संगणक एकमेकांना ज्या भाषेत आज्ञा देतात तिच्यात) यासाठी सहसा ७४ क्रमांकाचा कंट्रोलर, म्हणजे बदलत्या मूल्याची आज्ञा, असतो. तुमच्या यंत्रात संवेदकाला हवा तो क्रमांक देण्याचा पर्याय बहुधा असेलच. आता तंतुवाद्यांचा एखादा सावकाश उमलणारा आवाज निवडा, दोन्ही हातांनी भरघोस कॉर्ड दाबा, सस्टेनचे पेडल धरून ठेवा आणि डावा हात उचला. कॉर्ड पेडलने धरलेली असल्यामुळे तुमचा तो आधार तुटत नाही. मग हात दोन आवर्तने घेत सावकाश खाली आणला की झाकलेला आवाज हळूहळू उघडत जातो. तिसरा हात लागतच नाही. पेडलने एक हात मोकळा करून दिलेला असतो.

एक बारकावा मला फार उशिरा समजला. बहुतेक यंत्रांत हात संवेदकाजवळ आला की मूल्य वाढते आणि समोरून हात नाहीसा झाला की मूल्य तत्काळ शून्यावर येते. त्यामुळे काम झाल्यावर हात बाजूला ओढून घेतला, तर आवाज कोणीतरी दार आपटल्यासारखा बंद होतो. हात नेहमी सरळ वर उचलत न्यावा आणि संवेदकाच्या टप्प्याबाहेर गेल्यावरच पट्ट्यांवर आणावा. ही एक सवय लागली की अर्धी तक्रार मिटते.

खर्ज · रविवार, रात्री ११.०५

काळी पाच यांनी सांगितलेली कृती बरोबर आहे, पण तेच काम एक्स्प्रेशन पेडल (पायाने कमी-जास्त दाबून मूल्य बदलण्याचे पेडल) अधिक चांगले करते, आणि तेही दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून. पाय जिथे थांबवला तिथे मूल्य थांबते, पाय काढून घेतला तरी ते तिथेच राहते, आणि घोट्याला किती वाकलो आहोत याची जाणीव असते. हवेत धरलेल्या हाताला यांपैकी काहीच मिळत नाही. पिच बेंडच्या दांडीला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग असते, मॉड्युलेशनच्या चाकाला दोन्ही टोके असतात. हवेला टोक नसते. शिवाय दोन मिनिटे हात अधांतरी धरून पाहा, खांदा स्वतःच उत्तर देईल.

माझे मत स्पष्ट आहे: ही सोय वादकासाठी नसून दुकानात यंत्र पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे.

रिकामटेकडा · रविवार, रात्री ११.१२

मी कार्यक्रमात डास मारायला हात उगारला होता. फिल्टर असा काही उघडला की टाळ्या पडल्या. डास मात्र वाचला.

तिहाई · सोमवार, सकाळी ७.५०

अर्धमात्रा, तुमचा षड्ज का चुकतो याचे उत्तर हाताच्या कौशल्याइतकेच आकड्यांतही आहे. मिडीचा साधा कंट्रोलर ० ते १२७ अशी १२८ मूल्ये देतो. सेंट हे स्वरांतर मोजण्याचे सूक्ष्म माप, एका सप्तकात १२०० सेंट असतात. संवेदकाचा पूर्ण टप्पा एका सप्तकावर पसरवला, तर प्रत्येक पायरी सुमारे साडेनऊ सेंटांची होते. आपल्याकडे ज्या प्रमाणश्रुतीवरून (श्रुतींमधल्या सर्वांत लहान अंतरावरून) वाद घालतात, ती सुमारे २२ सेंटांची आहे. म्हणजे श्रुतीच्या जवळपास निम्म्या अंतराची एक उडी, अशा जिन्यावरून तुम्ही मींड घेता आहात. पिच बेंडच्या संदेशाला १६,३८४ पायऱ्यांची जागा असते हे खरे, परंतु संवेदक मुळात १२८च पायऱ्या पुरवत असेल, तर मोठ्या भांड्यात ओतले म्हणून दूध वाढत नाही.

उपाय एवढाच की पिच बेंडचा टप्पा दोन स्वरांतरांवर, म्हणजे २०० सेंटांवर आणावा. मग एक पायरी साधारण दीड सेंटाची होते आणि कानाला ती जाणवत नाही. निषाद ते षड्ज हे अंतर त्यात सहज बसते. तरीही षड्जावर नेमके थांबणे हा वेगळा प्रश्न उरतोच, कारण हाताखाली सतारीसारखा पडदा नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते की मींडेचा शेवट संवेदकावर सोडू नका: हाताने स्वर वर चढवत न्या आणि षड्ज येण्याच्या क्षणी पट्टीवरचा खरा षड्ज दाबून हात वर काढून घ्या. थोडी लबाडी आहे, पण सुरात आहे.

झाकोळ · सोमवार, दुपारी १.१५

प्रकाशाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून सांगतो. हे संवेदक बहुधा अवरक्त किरण सोडून हातावरून परतणारा किरण मोजतात, आणि सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. एका उघड्या व्यासपीठावर दुपारी चाचणी घेतली तेव्हा माझा हात काचेला जवळजवळ टेकल्याशिवाय यंत्राला तो दिसतच नव्हता. म्हणून मी संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. सूर्य मावळला, कार्यक्रम सुरू झाला, आणि आता त्याच यंत्राला माझी बाही, शेजारच्या गायिकेचा पदर आणि उलटले जाणारे वहीचे पान असे सगळेच दिसू लागले. पहिल्या गाण्याच्या अंतऱ्यात आवाज आपोआप लाटांसारखा वरखाली होत होता आणि मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून निरपराध चेहऱ्याने बसलो होतो.

तेव्हापासून संवेदनशीलता ज्या उजेडात वाजवायचे त्याच उजेडात ठरवतो. जुने हॅलोजनचे दिवेही अवरक्त किरण पुष्कळ फेकतात, एलईडी दिव्यांचा असा त्रास जवळजवळ नसतो. कपड्यांचेही असेच आहे: डोळ्यांना काळे दिसणारे काही कापड अवरक्त किरण व्यवस्थित परतवते, त्यामुळे काळी बाही घातली म्हणून निर्धास्त राहू नये. आणि संवेदक चालतो की बंद पडला अशी शंका आली, तर काचेकडे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. अनेक कॅमेऱ्यांना तो किरण फिकट जांभळ्या ठिपक्यासारखा दिसतो.

मंद्रसप्तक · सोमवार, सायंकाळी ६.३०

खर्जसाहेब, गिऱ्हाइकासाठी म्हणून मोडीत काढण्याआधी ही सोय आली कुठून ते पाहू. रोलँड या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने डी-बीम या नावाने ती १९९८ मध्ये एमसी-५०५ या यंत्रात दिली. मूळ तंत्र इंटरॅक्टिव्ह लाइट या कंपनीचे होते आणि रोलँडने त्याचा परवाना घेतला होता. एमसी-५०५ हा कीबोर्ड नव्हेच. त्यात आधी भरून ठेवलेले ठेके आणि स्वरावली आपोआप चालू राहतात आणि वादक त्यांच्या रंगाशी खेळतो, म्हणजे त्याचे हात मुळातच मोकळे असतात. पुढे हीच सोय जुनो-जीसारख्या पट्ट्यांच्या सिंथेसायझरवर आली आणि तिथे ती दोन्ही हात गुंतलेल्या वादकाच्या वाट्याला आली. २००३ च्या व्ही-सिंथवर तर असे दोन संवेदक शेजारीशेजारी होते. अर्धमात्रा यांना पडलेला तिसऱ्या हाताचा प्रश्न या स्थलांतरातून आलेला आहे, असे मला वाटते.

अवांतर: हवेत हात हलवून सूर काढण्याची कल्पना याहून खूप जुनी आहे. लेव थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास रशियात बनवलेल्या वाद्यात उभ्या अँटेनाजवळ एक हात नेला की स्वर चढतो आणि आडव्या कडीजवळ दुसरा हात नेला की आवाज लहान होतो. डी-बीम म्हणजे त्याच वाद्याची छोटी आवृत्ती म्हणता येईल.

तिहाई · सोमवार, सायंकाळी ७.१०

मंद्रसप्तक, स्थलांतराचा मुद्दा पटला, शेवटचे वाक्य मात्र नाही. थेरेमिनमध्ये प्रकाश नसतो. वादकाचे शरीर आणि अँटेना मिळून विद्युतधारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) बदलते, तिच्यामुळे एका आंदोलकाची (विजेची कंपने निर्माण करणाऱ्या मंडलाची) वारंवारता सरकते, आणि स्थिर वारंवारतेच्या दुसऱ्या आंदोलकाशी तिचा जो फरक पडतो तो स्वर म्हणून ऐकू येतो. तिथे पायऱ्याच नाहीत, सगळा उतार आहे. म्हणून थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर त्यावर व्हायोलिनच्या तोडीचे वादन करू शकल्या. त्यांनी हवेतल्या बोटांच्या स्थितींची स्वतःची पद्धत बसवली होती. त्या वाद्यावर दोन्ही हात पूर्ण वेळ त्याच एका कामासाठी राखलेले असतात. आपण पट्ट्या वाजवताना मधल्या चार मात्रांत तेवढी अचूकता मागतो आणि मग संवेदकाला नावे ठेवतो.

विजेचा शॉक · सोमवार, रात्री १०.०५

ज्यांच्या कीबोर्डावर ही सोय नाही त्यांच्यासाठी लिहितो. मी ती स्वतः तीनदा बनवली आणि दोनदा फसलो.

पहिल्यांदा एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींचा संवेदक घेतला. तो ४० किलोहर्ट्झची लहर सोडून प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. अर्ध्या मीटरवरच्या हातासाठी तो वेळ तीन मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे नगण्य. घोळ दुसरीकडे आहे. आधीचा प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत मिसळू नये म्हणून दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद ठेवावेत अशी शिफारस असते, म्हणजे सेकंदाला जेमतेम सोळा मोजण्या मिळतात आणि फिल्टर उघडताना खडखड ऐकू येते. शिवाय तळहात थोडा तिरका झाला की लहर भलतीकडे परावर्तित होते.

दुसऱ्यांदा शार्प कंपनीचा १० ते ८० सेंटिमीटर टप्प्याचा अवरक्त संवेदक लावला. त्याची गंमत अशी की हात १० सेंटिमीटरच्या आत आला की मूल्य वाढायचे सोडून पुन्हा घसरू लागते, त्यामुळे अगदी जवळचा हात त्याला दूरचा वाटतो. मी हात जोरात खाली आणत होतो आणि आवाज शिखरावर पोहोचून परत मिटत होता. आठवडाभर मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. शेवटी संवेदक पट्ट्यांच्या पातळीच्या १० सेंटिमीटर खाली बसवला आणि तो प्रश्न सुटला.

तिसऱ्यांदा व्हीएल५३एल०एक्स हा लेसरचा संवेदक घेतला, तो आजही चालू आहे. तो परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण मोजत नाही, प्रकाशाला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतो. त्यामुळे झाकोळ यांनी सांगितलेला बाहीच्या रंगाचा त्रास फारसा होत नाही. नेहमीच्या मांडणीत एक मोजणी ३३ मिलिसेकंदांत होते. तो अर्डुइनो लिओनार्दो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडला की संगणकाला ते यूएसबी मिडीचे उपकरण वाटते. मोजण्या तशाच पाठवल्या तर आवाज थरथरतो, म्हणून प्रत्येक नव्या मोजणीत जुन्या मूल्याचा काही भाग मिसळतो. मिसळ जास्त झाली तर आवाज हातामागून फरफटत येतो, कमी झाली तर थरथरतो. हे प्रमाण कानानेच ठरवावे लागते.

काळी पाच यांनी हात वर उचलत काढायला सांगितले आहे. विकतच्या यंत्रावर ते योग्यच आहे. माझ्या यंत्रात मात्र हात अचानक नाहीसा झाला तर शेवटचे मूल्य तिथेच धरून ठेवायचे, असे मी लिहिले आहे. खर्ज यांना पेडलचा जो गुण आवडतो तो असा हवेतही आणता येतो.

खर्ज · मंगळवार, सकाळी ८.२०

शॉकराव, मूल्य धरून ठेवण्याची कल्पना खरोखर चांगली आहे, तेवढी तक्रार मी मागे घेतो. पण एवढी खटपट करून शेवटी आपण पेडलपर्यंतच पोहोचलो, हेही नोंदवून ठेवतो.

रिकामटेकडा · मंगळवार, सकाळी ८.३१

खर्ज यांनी तक्रार मागे घेतली. हात वर उचलत घेतली की बाजूला ओढून?

वाचनमात्र · मंगळवार, दुपारी ३.४५

मी इथे अनेक वर्षे नुसता वाचत आलो आहे, हा माझा पहिलाच प्रतिसाद. एका अपघातानंतर माझ्या डाव्या हाताची बोटे वळत नाहीत. मनगट आणि कोपर व्यवस्थित चालतात, पण त्या हाताने पट्टी दाबता येत नाही आणि चाकही नीट पकडता येत नाही. मी उजव्या हाताने वाजवतो आणि डावा हात पूर्ण वेळ संवेदकावर असतो. त्यावर मी एक्स्प्रेशन (आवाज लहान-मोठा करणारा), म्हणजे ११ क्रमांकाचा कंट्रोलर लावला आहे, त्यामुळे बासरीसारख्या आवाजात प्रत्येक स्वराचा श्वास माझ्या डाव्या हातातून येतो. खर्ज यांचा पेडलचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी पेडलही वापरतो. परंतु सावकाश, हाताच्या वजनाने होणारा बदल मला पायाने कधी साधला नाही.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. पहिली थकव्याची: हात अधांतरी धरू नये. मी कोपराखाली एक टेकू ठेवतो आणि फक्त कोपरापुढचा हात बिजागरीसारखा हलवतो. असे तासभर वाजवता येते. दुसरी म्हणजे, एक्स्प्रेशन लावल्यावर समोर हात नसेल तर आवाज शून्य होतो. सुरुवातीला मी एकदा सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या, ध्वनिक्षेपक बदलायला लावला, आणि मग लक्षात आले की संवेदकाचे बटण चालू आहे आणि माझा हात मांडीवर आहे.

खर्ज · मंगळवार, सायंकाळी ५.५५

वाचनमात्र, माझे रविवारचे वाक्य घाईचे होते. मी दोन हात आणि दोन पाय धडधाकट असलेल्या वादकापुरताच विचार करत होतो. कोपराचा टेकू कसा बसवला आहे, ते सवडीने लिहावे.

वाचनमात्र · मंगळवार, रात्री ८.१०

कीबोर्डाच्या स्टँडच्या डाव्या पायाला माइकच्या स्टँडची आडवी दांडी अडकवली आहे आणि तिच्या टोकाला जाड फोमचा तुकडा गुंडाळला आहे. उंची पट्ट्यांपेक्षा चार बोटे वर ठेवली की हात संवेदकावर नैसर्गिकपणे कलतो.

काळी पाच · मंगळवार, रात्री ९.००

तो टेकू मीही करून पाहणार आहे. अर्धमात्रा, तुम्ही कुठे आहात? धागा काढून धागाकर्ता पसार झाला काय?

अर्धमात्रा (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०.५०

पसार झालो नव्हतो, वाजवत होतो. सर्वांचे आभार.

मंगळवारी संवेदक ७४ क्रमांकाला जोडला आणि काळी पाच यांची पेडलची युक्ती केली. पहिल्या तीन प्रयत्नांत हात बाजूने ओढला गेला आणि तिन्ही वेळा दार आपटले. चौथ्यांदा जमले. तरी एक गोष्ट खटकत होती: फिल्टर पूर्ण बंद स्थितीपासून सुरू होत असल्यामुळे हात येण्यापूर्वी कॉर्ड जवळजवळ ऐकूच येत नव्हती. सेटिंगमध्ये शोधताना संवेदकाला किमान आणि कमाल मूल्य देता येते असे आढळले. किमान ४५ आणि कमाल ११० ठेवल्यावर हात नसतानाही आवाज भरलेला राहतो आणि वरच्या टोकाला कर्कश होत नाही. माझ्या मते या धाग्यावर कोणी न सांगितलेली एवढी एकच गोष्ट मी शोधली.

तिहाई, पिच बेंड दोन स्वरांतरांवर आणले. निषादावरून चढताना षड्ज पट्टीवर दाबण्याची युक्ती दहांपैकी सहा वेळा जमते. उरलेल्या चार वेळा हात वर काढण्याआधीच षड्ज दाबला जातो आणि तोही वाकडा वाजतो.

तिहाई · रविवार, सकाळी ७.२०

सहा वेळा जमते म्हणजे ठीक चालले आहे. उरलेल्या चारांसाठी असे करा: आवाजाचे दोन थर करा आणि संवेदकाची आज्ञा फक्त पहिल्या थराला द्या. षड्ज दुसऱ्या थरावर दाबला की संवेदकावरचा हात कुठेही असला तरी षड्ज सरळच वाजेल. कीबोर्डाचे दोन भाग पाडून, वरचा भाग संवेदकापासून मुक्त ठेवूनही हे साधते.

अर्धमात्रा (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ९.०५

करून पाहिले. वरचा भाग मुक्त ठेवला, षड्ज सरळ आला. आता मींड संपल्यावर खालच्या भागातला निषाद मागे रेंगाळतो, कारण सस्टेनचे पेडल दोन्ही भागांना लागू आहे. पेडल एकाच भागापुरते ठेवता येते का?

काळी पाच · रविवार, सकाळी ९.४०

येते. प्रत्येक भागाच्या सेटिंगमध्ये होल्ड (म्हणजे सस्टेन) नावाचा स्विच शोधा आणि खालच्या भागासाठी तो बंद करा. मिडीत तो ६४ क्रमांक आहे. सापडला नाही तर यंत्राचे मॉडेल लिहा.

रिकामटेकडा · रविवार, सकाळी ९.४४

आणि खिडकीला जाळी बसवा.